इनोकेंती स्मोक्तुनोव्स्की : उपेक्षेतून शिखराकडे

विसाव्या शतकात रशियन रंगभूमीला आणि चित्रपटाला ज्या थोर नटांनी वैभव प्राप्त करून दिले, त्यांत इनोकेंती स्मोक्तुनोव्स्की यांचे नाव आदराने घेतले जाते. हे वैभव त्यांच्या वाट्याला मात्र फार उशिरा आले. वयाच्या तिशीपर्यंत त्यांना फारसे कोणी ओळखतही नव्हते.

त्यांचा जन्म 28 मार्च 1925 रोजी सायबेरियातील तात्यानोव्का या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. दुष्काळाने घर मोडले आणि त्यांचे बालपण क्रास्नोयार्स्क शहरात नातलगांच्या आधाराने गेले. दुसऱ्या महायुद्धात वडील आघाडीवर मरण पावले. 1943 मध्ये इनोकेंतीही सैन्यात दाखल होऊन आघाडीवर गेले. कुर्स्कच्या लढाईत आणि नीपर नदी ओलांडण्याच्या मोहिमेत ते लढले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कीव्ह शहराजवळ ते जर्मन सैन्याच्या हाती सापडले. सुमारे महिनाभराने त्यांनी कैदेतून पलायन केले. युक्रेनमधील एका कुटुंबाने स्वतःचे प्राण संकटात घालून त्यांना आश्रय दिला. पुढे ते गनिमी पथकात व नंतर पुन्हा सैन्यात सामील झाले.

युद्ध संपले, तरी त्यांची परीक्षा संपली नाही. शत्रूच्या कैदेत राहून आलेल्या सैनिकांकडे त्या काळी सोव्हिएत संघात संशयाने पाहिले जाई. 1946 मध्ये ते अतिउत्तरेकडील नोरिल्स्क या शहरातील नाट्यसंस्थेत रुजू झाले. या शहराच्या परिसरात कैद्यांची श्रमछावणी होती आणि शिक्षा भोगून आलेले काही नटही तेथील रंगमंचावर काम करीत. कडाक्याच्या थंडीने व अपुऱ्या आहाराने त्यांची प्रकृती ढासळली. त्यानंतर मखाचकला, ग्रोझ्नी, स्टालिनग्राड अशी गावोगावची भटकंती त्यांनी केली. 1955 मध्ये मोठ्या आशेने ते मॉस्कोस आले. परंतु तेथे एकामागून एक नाट्यसंस्थांनी त्यांना नकार दिला. लहानसहान भूमिकांवर त्यांना समाधान मानावे लागले.

1956 मध्ये स्टालिनग्राडच्या लढाईवरील ‘सैनिक’ या चित्रपटात त्यांना एका विचारी लष्करी अधिकाऱ्याची भूमिका मिळाली. त्यांच्या डोळ्यांतील करुण भावाने दिग्दर्शक गिओर्गी तोव्स्तोनोगोव्ह प्रभावित झाले. लेनिनग्राडच्या बोल्शॉय ड्रामा थिएटरमध्ये दस्तयेव्हस्की यांच्या ‘इडियट’ या कादंबरीवरील नाटकासाठी त्यांनी या नटाची निवड केली. प्रिन्स मिश्किन या निष्पाप, निर्मळ मनाच्या नायकाची ती भूमिका होती. तालमींत ती काही केल्या साधेना. अशा वेळी चित्रपट स्टुडिओच्या गजबजाटात, आजूबाजूचे भान हरपून पुस्तक वाचीत उभा असलेला एक मनुष्य त्यांच्या दृष्टीस पडला. अनेक वर्षे श्रमछावणीत काढूनही त्याच्या चेहऱ्यावर कटुतेचा लवलेश नव्हता. त्या शांत चेहऱ्यात त्यांना आपला मिश्किन गवसला. 31 डिसेंबर 1957 रोजी या नाटकाचा पहिला प्रयोग झाला आणि बत्तीस वर्षांचा हा अपरिचित नट देशभर विख्यात झाला.

1964 मध्ये ग्रिगोरी कोझिन्त्सेव्ह यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘हॅम्लेट’ चित्रपटात त्यांनी शेक्सपियरचा नायक साकार केला. आक्रोश व आवेश टाळून त्यांनी नायकाच्या मनातील खळबळ नजरेतून आणि संयत स्वरातून व्यक्त केली. या भूमिकेमुळे त्यांची कीर्ती जगभर पसरली आणि 1965 मध्ये त्यांना लेनिन पारितोषिक लाभले. 1966 मधील ‘मोटारीपासून सावधान’ या विनोदी चित्रपटात त्यांनी लाचखोरांच्या मोटारी चोरून मिळालेले पैसे अनाथाश्रमांस देणारा भाबडा विमाप्रतिनिधी रंगविला. हा विमाप्रतिनिधी हौशी नाटकात हॅम्लेटचीच भूमिका करतो! संगीतकार चायकोव्हस्की आणि चेखोव्ह यांच्या नाटकातील वान्यामामा याही त्यांच्या गाजलेल्या भूमिका होत. 1976 पासून ते मॉस्को आर्ट थिएटरचे प्रमुख नट होते.

3 ऑगस्ट 1994 रोजी त्यांचे निधन झाले. भूक, युद्ध, कैद आणि नकार या साऱ्यांतून ते गेले. परंतु या अनुभवांनी त्यांचे मन कठोर झाले नाही. दुबळ्या, एकाकी माणसाविषयीची सहानुभूती त्यांनी जपली आणि तीच त्यांच्या अभिनयाचे खरे सामर्थ्य ठरली.