चित्रकला सुटली, नोकरी सुटली, गावानं जागा सोडायला लावली. मग सायकल दुरुस्त करणाऱ्या लक्ष्मणरावांनी किर्लोस्करवाडी उभी केली

भोर-वेल्ह्याच्या गावांत फिरलात तर कुठल्या तरी घराच्या पडवीत हे दृश्य दिसतंच. ताडपत्रीखाली एक जुनी जीप. चाकांच्या जागी विटा. इंजिन बाहेर काढून पोत्यावर ठेवलेलं, आणि नटबोल्ट कुठे तर तेलाच्या रिकाम्या डब्यात. पोरानं यूट्यूब बघून गाडी खोललेली असते. पहिल्या महिन्यात सगळी भावकी बघायला येते. दुसऱ्या वर्षी त्याच बॉनेटवर घरचे मिरच्या वाळत घालतात.

अमेरिकेत हाच छंद मोठा आहे. तिकडे लोक मस्टँगसारख्या मसल कार घरच्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं खोलून बसतात. आपल्याकडे विलीज, पद्मिनी, राजदूत नाहीतर जावा असते. गाडी कुठलीही असली तरी दुखणं एकच. खोलायला एक रविवार पुरतो, पूर्ण करायला किती रविवार लागतील ते कुणीच सांगू शकत नाही.

हे दुखणं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अंगावर घेतलेला एक मराठी माणूस होता. त्याच्याकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती, भांडवल नव्हतं आणि यूट्यूब तर नव्हतंच. पण हातात घेतलेलं यंत्र चालेपर्यंत तो ते सोडायचा नाही. त्याचं नाव लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगावजवळच्या गुर्लहोसूरचा. वडील काशिनाथपंत वेदान्ती म्हणून ओळखले जायचे. मुलाला मात्र दोनच गोष्टींचं वेड होतं, चित्रं आणि यंत्रं. शाळेत मन रमेना, तेव्हा तो मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. दोनेक वर्षं झाली आणि लक्षात आलं की पोराला काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. रंगांधळेपणा!

चित्रकाराच्या आयुष्यात यापेक्षा वाईट बातमी नसेल. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेघ सोडली नाही. यंत्रांची रेखाटनं काढायला रंग लागतातच कुठे? त्याच जोरावर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये ते मेकॅनिकल ड्रॉइंग शिकवायला लागले.

शिकवून झालं की मास्तर घरी जायचे नाहीत, संस्थेच्या वर्कशॉपमध्ये जायचे. तिथे लेथ कसा चालतो, ओतकाम कसं होतं, हे बघायचे आणि करून बघायचे. त्यांचं खरं शिक्षण ते एवढंच. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला बसवलं गेलं. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं.

बेळगावात सायकलचा धंदा आधीच सुरू झाला होता. त्या काळात सायकल ही आजच्या स्पोर्ट्स बाइकपेक्षाही भारी चीज होती. किंमत सातशे ते हजार रुपये. लक्ष्मणराव मुंबईत सायकली विकत घ्यायचे, बेळगावला पाठवायचे, आणि तिकडे भाऊ रामूअण्णा त्या विकायचे. वर १५ रुपये घेऊन गिऱ्हाइकाला सायकल चालवायलाही शिकवायचे. दुकानावर पाटी होती किर्लोस्कर ब्रदर्स. कंपनी आजही आपला जन्म १८८८ चा मानते. विमान उडवणाऱ्या राइट बंधूंनी अमेरिकेत डेटनला आपलं सायकलचं दुकान काढलं ते १८९२ साली, म्हणजे आपले बेळगावकर बंधू चार वर्षं पुढेच!

पण विकणं हा रामूअण्णांचा प्रांत. लक्ष्मणरावांचा जीव दुरुस्तीत. सायकल बिघडली की सुटा भाग परदेशातून यायला काही महिने जायचे. मग एकतर गिऱ्हाइकाला परत पाठवा नाहीतर तो भाग स्वतः घडवा. जुनी गाडी घरी उभी करणाऱ्या प्रत्येकाला हा पेच माहीत असतो. भाग मिळत नाही, तिथेच बहुतेकांची गाडी अडते. लक्ष्मणरावांनी दुसरा रस्ता धरला.

त्याच सुमारास सातासमुद्रापार आणखी एक गडी हेच करत होता. हेन्री फोर्डनं घरामागच्या शेडमध्ये आपली पहिली मोटार जुळवली. १८९६ च्या जूनमध्ये ती पूर्ण झाली आणि मग कळलं की गाडी शेडच्या दारातून बाहेर निघत नाही. शेवटी पठ्ठ्यानं कुऱ्हाड घेऊन दाराकडेची भिंत फोडली.

लक्ष्मणरावांची भिंत विटांची नव्हती. ती होती शेतकऱ्याच्या मनातली.

झालं असं, की सायकलीपाठोपाठ त्यांनी पवनचक्क्यांची एजन्सी घेऊन बघितली. मग लक्ष गेलं शेतीकडे. जनावरांना अख्खा कडबा टाकला की निम्मा पायाखाली जातो. त्यावर परदेशी कडबा कापायची यंत्रं येत होती, पण महाग. लक्ष्मणरावांनी ती नीट बघितली आणि छोट्याशा वर्कशॉपमध्ये तशीच स्वस्त यंत्रं बनवायला घेतली. ही कडबाकुट्टी जमली.

मग आला नांगर. साल १९०३ च्या आसपासचं.

मावळातल्या छोट्या भातखाचरात हलका लाकडी नांगर चालून जायचा. कृष्णाकाठच्या काळ्या रानाचं तसं नव्हतं. तिथे हरळी आणि कुंदा खोल मुळं धरून बसलेले. लाकडी नांगर त्यांना वरवर खरवडायचा आणि पुढच्या पावसात ते पुन्हा वर. त्यावर उपाय होता खोल जाणारा, माती पालथी करणारा लोखंडी नांगर. तसे नांगर विलायतेहून यायचे.

दिसायला नांगर म्हणजे काय, चार-पाच भाग. पण त्यातला फाळ हा सगळा खेळ आहे. तो बिडाचा ओतला तर कडक होतो, पण दगडाला लागला की तडकतो. मऊ ठेवला तर चार दिवसांत बोथट. बाहेरून कडक आणि आतून चिवट असा फाळ ओतायचा तर लोखंडात काय मिसळलंय, साचा कसा आहे, धातू किती वेगानं थंड होतोय, हे सगळं जमून यावं लागतं. कॉलेजात न शिकलेला माणूस हे शिकला कुठून? पुस्तकं वाचून, आणि भट्टीपुढे उभं राहून. बिघडलेलं ओतकाम फोडायचं, पुन्हा वितळवायचं, पुन्हा ओतायचं.

नांगर तयार झाला. घेणार कोण? लोखंडानं जमिनीत विष उतरतं आणि रान नापीक होतं, असा समज गावोगाव होता. आज हसू येईल, पण ज्याचं सगळं घरदार त्या एका रानावर अवलंबून आहे, तो अनोळखी लोखंड काळ्या आईच्या पोटात घालायला बिचकणारच. पहिला नांगर विकायला लक्ष्मणरावांना दोन वर्षं लागली. दोन वर्षं तयार माल दुकानात पडून!

इथेच बहुतेकांनी ताडपत्री टाकली असती. लक्ष्मणरावांनी धंदा बंद केला नाही. हळूहळू नांगर रानात गेले, उलथलेली माती लोकांनी डोळ्यांनी बघितली आणि मागणी सुरू झाली.

आता कुठे बस्तान बसतंय म्हणेपर्यंत बेळगावच्या नगरपालिकेनं कारखान्याची जागा सोडायला सांगितलं. तिथे नवी वस्ती करायची होती. भट्टी, लेथ, इंजिन घेऊन जायचं कुठे? घरात उघडून ठेवलेली गाडी घेऊन घर बदलणं काय असतं, हे ज्यानं केलंय त्यालाच माहीत. इथे तर अख्खा कारखाना हलवायचा होता.

मदतीला आले औंधचे राजे, बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे आणि स्वतः उत्तम चित्रकार असलेले तेच हे बाळासाहेब. त्यांनी लक्ष्मणरावांना औंधात बांधकामाचं काम आधीच दिलेलं होतं. अडचण कळल्यावर त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जागा दिली आणि वर १० हजार रुपये बिनव्याजी कर्ज.

जागा फुकटात मिळाली खरी, पण होती कशी? नुसतं माळरान. निवडुंग, साप, विंचू आणि पाण्याची बोंब. मार्च १९१० मध्ये मंडळी तिथे उतरली. तिकडे जमशेदजींच्या स्वप्नातलं पोलादाचं गाव साकचीला उभं राहत होतं, त्याच सुमारास इकडे २५-३० घरांच्या आशेवर हे छोटं कारखान्याचं गाव सुरू झालं.

माणसं कोण होती ते बघा. अनंतराव फळणीकर, शाळा अर्धवट सोडलेले, पुढे हुन्नरी इंजिनिअर म्हणून नाव काढलं. के. के. कुलकर्णी, परीक्षेत नापास झालेले, ते कारखान्याचे व्यवस्थापक झाले. हिशेबाला मंगेशराव रेगे. गावाची आखणी आणि कारभार बघायला रामूअण्णा. आणि रात्रीच्या पहाऱ्याला तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, म्हणजे ज्यांच्या नावानं पंचक्रोशी घाबरायची अशी शिक्षा भोगून आलेली दोन माणसं. गावात शिवाशिव पाळायची नाही, हे लक्ष्मणरावांनी पहिल्यापासून ठरवलं होतं. जग ज्यांना मोडीत काढतं असा माल हा माणूस उचलून आणायचा, लोखंडाच्या बाबतीत आणि माणसांच्या बाबतीतही.

लोखंडाची तर लवकरच वेळ आली. १९१४ ला पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि परदेशातून येणारं कच्चं लोखंड आटलं. मागणी आहे, भट्टी आहे, माणसं आहेत, ओतायला धातू नाही. अशा वेळी कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या, निकामी पडलेल्या तोफा किर्लोस्करांना दिल्या. त्या वितळवून नांगर ओतले गेले.

आज राजगड, तोरणा, रोहिड्यावर जाणाऱ्या दुर्गप्रेमींच्या काळजात हे वाचून चर्र होईल. हल्ली गडांवरच्या तोफांना सागवानी तोफगाडे करून बसवतात आणि ते योग्यच आहे. पण त्या काळात संवर्धनाचा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता आणि समोर पेरणी होती. एक जुनी वस्तू तिच्या जुन्या रूपात राखायची की तिच्यातून उपयोगाचं काही करायचं, हा वाद जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्येही रोज चालतो. लक्ष्मणराव कुठल्या बाजूचे होते हे सांगायला नको.

युद्ध संपलं. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्कर खबर हे मासिक सुरू केलं. नांगराच्या कारखान्यातून निघालेलं मासिक पुढे मराठी घराघरात वाचलं गेलं, ही वेगळीच गोष्ट आहे. पाठोपाठ पंप आले, डिझेल इंजिनं आली. लक्ष्मणरावांचा मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीला शिकून १९२६ साली परतला. बापानं जे चुकत-माकत हातानं शिकलं होतं, ते मुलगा जगातल्या नामांकित संस्थेत शिकून आला होता. पुढे १९४६ मध्ये पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली आणि विहिरीवरचं इंजिन म्हणजे किर्लोस्कर हे समीकरण पक्कं झालं.

भोर-वेल्ह्याच्या ज्या पडवीत ती जीप उभी आहे, त्याच गावात एखाद्या विहिरीकाठी जुनं किर्लोस्कर इंजिनही सापडेल. हँडल मारलं तर कदाचित अजून धडधडेल.

२६ सप्टेंबर १९५६ ला लक्ष्मणराव गेले. १९६९ मध्ये जन्मशताब्दीला भारत सरकारनं त्यांचं टपाल तिकीट काढलं. ज्या बेळगावनं जागा खाली करायला लावली होती, तिथे आज भर बाजारात किर्लोस्कर रोड आहे. आणि निवडुंगाच्या माळाजवळच्या त्या कुंडल रोड स्टेशनची पाटीही बदलली. पुणे-मिरज मार्गावरून जाताना ती खिडकीतून दिसते, किर्लोस्करवाडी.