२८२ गुणांचा मॅट्रिक



मागच्या महिन्यात धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम संपल्यावर एक ताई खुर्च्या आवरता आवरता हळूच म्हणाल्या की मुलगा आला नाही. बारावीला आहे, जीपीए २.७ आहे, आणि हॉलमध्ये पाऊल ठेवलं की सगळे काका-मावश्या एकच विचारतात, कुठे कुठे अर्ज केलास. म्हणून तो घरीच बसला. त्याच संध्याकाळी व्यासपीठावरून आपण बाबासाहेबांच्या ३२ पदव्यांचं वर्णन करत होतो. तो मुलगा हॉलमध्ये असता तर त्याला काय वाटलं असतं, हा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

७ नोव्हेंबरला आपण विद्यार्थी दिवस पाळतो. १९०० साली याच तारखेला साताऱ्याच्या शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव पटावर लागलं. यंदा त्या निमित्ताने बाबासाहेबांच्या गुणपत्रिकेबद्दल लिहितो आहे. तुमच्या मुलांना मराठी वाचता येत नसेल तर जेवताना सांगा.

पुढे कुटुंब मुंबईला आलं आणि भिवा एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये जाऊ लागला. परळच्या चाळीत एकच खोली. तिथेच स्वयंपाक, तिथेच झोपणं, उशाशी जातं आणि पायाशी बकरी. सुभेदार रामजी रात्री जागे राहत आणि दोन वाजता मुलाला उठवत, कारण त्या वेळेलाच घर शांत असे. कंदिलाच्या उजेडात अभ्यास चाले. पुस्तकांना पैसे नसले की रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन त्यांचे दागिने मागून आणत, गहाण टाकत आणि पेन्शन आली की सोडवून परत देत. शाळेत संस्कृत शिकायचं होतं, ते अस्पृश्य म्हणून शिकू दिलं नाही. फारसी घ्यावी लागली. एकदा गणित सोडवायला फळ्याकडे बोलावलं तर वर्गातली मुलं धावत सुटली. फळ्यामागे त्यांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते, ते बाटतील म्हणून.

१९०७ साली तो मॅट्रिक झाला. गुण पडले ७५० पैकी २८२.

टक्केवारी काढून पाहा. ३७.६ येते. आजच्या कुठल्याही घरात या आकड्यावर पेढे वाटले जाणार नाहीत. पण परळमध्ये सभा भरली. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते, आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्या मुलाला स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. केळुसकर विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक होते. चर्नी रोडच्या बागेत रोज एक मुलगा एकटाच वाचत बसलेला दिसे, तिथे त्यांची ओळख झाली होती. गुणपत्रिका पाहण्याआधीच त्यांनी तो मुलगा पाहिला होता. आपल्या धम्माच्या इतिहासात त्या पुस्तकाचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. इथे मला त्या सभेबद्दल एवढंच म्हणायचं आहे की २८२ गुणांसाठी ती भरली, आणि तिथे कोणाला त्या आकड्याची लाज वाटली नाही.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण आपण ती नेहमी चुकीची सांगतो. बाबासाहेबांना ३७ टक्क्यांवर कोलंबियात प्रवेश मिळाला, मग तुलाही मिळेल, असं मुलांना सांगू नका. ते खरं नाही. मॅट्रिकच्या गुणांवर त्यांना एल्फिन्स्टन कॉलेजात जाता आलं, बस. पैशाअभावी शिक्षण थांबायची वेळ आली तेव्हा केळुसकर गुरुजींनीच सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. प्रोफेसर मुल्लर त्यांना पुस्तकं देत, कपडेही देत. असं करत १९१२ ला इंग्रजी आणि फारसी हे विषय घेऊन ते बी.ए. झाले. कोलंबिया गाठण्यासाठी हातात ही बी.ए. होती, मॅट्रिकची गुणपत्रिका नव्हे. प्रत्येक पायरीवर मागच्या पायरीचा हिशेब मिटत गेला.

इथे अमेरिकेत हाच रस्ता आजही आहे, आणि त्याचं नाव घेताना आपण आवाज खाली करतो. कम्युनिटी कॉलेज. दोन वर्षं तिथे काढायची, मग चार वर्षांच्या विद्यापीठात ट्रान्सफर. ट्रान्सफरच्या अर्जात कॉलेजातले गुण पुढे येतात, हायस्कूलचे मागे पडतात. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी अशा राज्यांत सरकारी विद्यापीठांशी त्यासाठी करारच झालेले आहेत. फीही कितीतरी कमी. २.७ वाल्या मुलाने या हिवाळ्यात दोन-चार विद्यापीठांना अर्ज जरूर करावेत, पण हा रस्ता हरलेल्यांचा आहे असं त्याला घरातून कळू देऊ नका.

बी.ए. झाल्यावर बाबासाहेब जानेवारी १९१३ मध्ये बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले आणि २ फेब्रुवारीला रामजी गेले. दोन वाजता उठवणारा माणूस गेला. जूनमध्ये बडोदा संस्थानाशी करार झाला: परदेशी शिक्षणासाठी महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि त्या बदल्यात दहा वर्षं संस्थानाची नोकरी. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला उतरले. वय २२.

तिथे त्यांनी जे केलं त्याला माझ्या मते २८२ चं खरं उत्तर म्हणता येईल. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि वर फ्रेंच आणि जर्मनची सुरुवात. जॉन ड्युई, सेलिग्मन, गोल्डनवायझर अशा गुरूंच्या वर्गात ते बसले. १९१५ ला एम.ए. झाले. ९ मे १९१६ ला गोल्डनवायझरांच्या वर्गात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. पैसे वाचवून जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून दोन हजारांच्या आसपास पुस्तकं जमवली. परतीच्या वेळी त्यातली बरीच जहाजाबरोबर समुद्रात गेली.

लंडनचा भाग मुलांना मुद्दाम सांगा. १९१६ ला ते तिथे गेले आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ ला अर्धवट सोडून परतले. बडोद्यात नोकरीवर गेले तर राहायला जागा मिळेना. पारशी उतारूगृहातून त्यांना हाकलण्यात आलं. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, कोलंबियातला जुना मित्र नवल भथेना याने ५,००० रुपये उसने दिले, आणि १९२० ला ते पुन्हा लंडनला गेले. सेलिग्मन सरांनी तिथल्या प्राध्यापकांना त्यांच्याविषयी पत्र लिहिलं. शिफारसपत्र म्हणतात ते हेच. ते मिळालं कारण बाबासाहेब त्या सरांच्या वर्गात आपलं काम दाखवून आले होते. तुमच्या मुलाला असे एक-दोन शिक्षक आहेत का, हा प्रश्न जीपीएच्या आधी विचारा.

१९२१ ला एम.एस्सी. मिळाली. रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध १९२२ ला सादर केला, आणि मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी तो दुरुस्त करून पुन्हा द्यायला सांगितला. दोन विद्यापीठं पालथी घातलेल्या, तिशी ओलांडलेल्या माणसाचा प्रबंध परत आला. पैसे संपले होते, म्हणून ते मुंबईला आले, इथे बसून तो सुधारला, ऑगस्टमध्ये पाठवला, आणि नोव्हेंबरमध्ये तो मान्य झाला. आपल्या पोस्टरवर फक्त डी.एस्सी. ही अक्षरं असतात. मधले आठ महिने नसतात.

पदव्यांचंही तेच. बी.ए., एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बॅरिस्टर, आणि उत्तर आयुष्यात सन्मानाच्या एलएल.डी. आणि डी.लिट. एवढ्या मला मोजता येतात. बत्तीस सांगून आपण बाबासाहेबांना मोठं करत नाही, मुलांपासून दूर मात्र नेतो.

प्रवेश देणं स्वतःच्या हाती आलं तेव्हा त्यांनी काय केलं हेही पाहा. १९४५ ला त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि २० जून १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. नाव बुद्धाचं, आणि डोळ्यासमोर दिवसभर नोकरी करून घर चालवणारी मुलं. म्हणून तिथे वर्ग सकाळी भरत. ते सुटले की मुलं थेट कामावर जात.