मिचिओ सुझुकी : मागापासून मोटारीपर्यंत



जळगावच्या टॉवर चौकात किंवा धुळ्याच्या बसस्थानकाबाहेर पाच मिनिटे उभे राहा आणि समोरून जाणाऱ्या मोटारी मोजा. थोड्याच वेळात कितीतरी गाड्यांच्या पाठीवर 'सुझुकी' हे नाव तुम्हाला वाचायला मिळेल. हे एका माणसाचे आडनाव आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. तो माणूस मोटारी बनविण्यापूर्वी कापड विणण्याचे माग बनवीत असे, हे तर त्याहूनही थोड्यांना ठाऊक असेल. धुळे आणि मालेगावच्या वस्त्यांत मागाचा खडखडाट ऐकतच आपली किती मुले लहानाची मोठी झाली! कित्येकांच्या घरी आजही ताणा-बाणा हीच रोजी आहे, आणि ज्यांची मागाची रोजी सुटली त्यांची मुले गॅरेजात पाना हाती धरून उभी आहेत. माग आणि मोटार या दोन्ही गोष्टी ज्या एका आयुष्यात एकत्र आल्या, त्या आयुष्याची हकिकत म्हणूनच आपण समजून घेतली पाहिजे.

मिचिओ सुझुकी यांचा जन्म फेब्रुवारी १८८७ मध्ये जपानमधील हमामात्सु गावाच्या परिसरात झाला. टोकियो आणि नागोया या दोन मोठ्या शहरांच्या दरम्यान समुद्रकाठी हा प्रदेश आहे. आपल्या खानदेशाप्रमाणेच त्या काळी तो कापसाचा आणि कापडाचा मुलूख होता. घर शेतकऱ्याचे, शेतात कापूस पिके आणि घरोघरी बायका मागावर बसत. मिचिओंची आईही विणकाम करी.

वयाच्या चौदाव्या वर्षी, म्हणजे १९०१ साली, मिचिओ एका सुताराच्या हाताखाली राहिले. सात वर्षे काम शिकायचे, अशी बोली होती. आपल्याकडे उस्ताद आणि शागीर्द यांचे जे नाते असते, तेच हे नाते होते. १९०४ साली रशिया आणि जपान यांच्यात युद्ध पेटले, घरबांधणीची कामे मंदावली आणि उस्तादाने घरे सोडून माग बनविण्याचे काम हाती घेतले. शागीर्दही आपोआप त्या कामात आला. उस्तादाच्या कामाला उतरती कळा लागली, पण शिष्याच्या नशिबाचे दार त्यातूनच उघडले. लाकूड ओळखणे, माप धरणे आणि सांधा घट्ट बसविणे हे सुताराचे गुण आता यंत्राच्या कामी आले.

मुदत पूर्ण झाल्यावर १९०९ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, मिचिओंनी हमामात्सु येथे स्वतःचा मागाचा कारखाना काढला. रेशमाचे किडे पाळण्याची एक जुनी खोली, एवढीच काय ती कारखान्याची इमारत! पायाने चालविण्याचा पहिला माग त्यांनी आपल्या आईसाठी बनविला, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. शेजाऱ्यांनी तो चालताना पाहिला आणि मागण्या येऊ लागल्या. वाचकहो, आपल्या घरातील माणसाचे कष्ट डोळ्यांनी पाहून ते हलके करावेत या इच्छेतून पुष्कळ यंत्रे जन्मास आली आहेत. त्यांपैकीच हे एक.

पुढे गिऱ्हाईक म्हणू लागले की साधे पांढरे कापड पुरे झाले, आता पट्टे हवेत. विणकर बांधवांना हे सांगायला नको की आडव्या धाग्याचा रंग बदलायचा तर धोटाही बदलावा लागतो आणि त्यात वेळ जातो. मिचिओंनी दोन धोट्यांची पेटी वर-खाली होईल अशी योजना मागात बसविली. आडवे पट्टे झपाट्याने निघू लागले आणि या मागाचे नाव झाले. १९२० साली त्यांनी कारखान्याची रीतसर कंपनी केली. त्यानंतर दहाएक वर्षांनी त्यांनी सारोंग विणण्याचा माग तयार केला. सारोंग म्हणजे इंडोनेशिया, मलाया या भागांत नेसली जाणारी रंगीत चौकड्यांची लुंगी. तेथील आपले धर्मबांधव नमाजालाही ती नेसून जातात. हे माग आग्नेय आशियात जाऊ लागले आणि हमामात्सुच्या सुताराचे नाव समुद्रापार पोहोचले. आयुष्यात त्यांनी शंभरावर शोधांची सरकारदरबारी नोंद करून हक्क मिळविले.

धंदा असा भरात असताना या माणसाच्या मनात एक विचार घर करून बसला. चांगला माग सहसा मोडत नाही. एकदा घेतलेला माग विणकर वर्षानुवर्षे चालवितो आणि बापाचा माग मुलगाही वापरतो. मग ज्याने आज माग घेतला तो पुन्हा दुकानाची पायरी कधी चढणार? माल जितका उत्तम, तितके पुढचे गिऱ्हाईक कमी, असा हा पेच होता. तेव्हा लोकांना नेहमी लागेल अशी दुसरी वस्तू बनविली पाहिजे, असे त्यांनी ठरविले. ती वस्तू म्हणजे लहान मोटार.

आमच्या मते या चरित्रातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. धंदा बुडाल्यावर सगळेच नवे काही शोधतात. तो चालू असताना पुढचे पाहणारा विरळा. जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल, ही नावे आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी आहेत. त्यांच्या भोंग्यावर गावची घड्याळे लागत. भोंगा बंद पडेल असे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते, आणि जेव्हा तो बंद पडला तेव्हा घरात दुसरे हुनर शिकलेले कोणी नव्हते.

१९३७ च्या सुमारास मिचिओंनी इंग्लंडची ऑस्टिन सेव्हन ही लहान मोटार विकत घेतली. ती फिरण्यासाठी नव्हती, तर खिळा न् खिळा सुटा करून पाहण्यासाठी होती. तिच्या अभ्यासावरून दोनएक वर्षांत त्यांच्या कारखान्यात नमुन्याच्या गाड्या तयारही झाल्या. पण युद्धाचे ढग जमले होते. सर्वसामान्यांच्या मोटारी ही अनावश्यक चैन आहे, असे सरकारने ठरविले आणि ते काम थांबले. कारखान्यातून युद्धसामग्री बाहेर पडू लागली. त्यानंतर १९४४ च्या डिसेंबरात त्या भागात मोठा भूकंप झाला आणि १९४५ साली बॉम्बवर्षाव झाला. कारखान्याची धूळधाण उडाली, जपान हरला आणि मिचिओंचे वय साठीकडे झुकले.

अशा वेळी दुसरा एखादा स्वस्थ बसला असता. मिचिओंनी पुन्हा माग बनविण्यास आरंभ केला. तोच १९५१ च्या सुमारास कापडाचा बाजार कोसळला आणि मागाची मागणी आटली. वीस वर्षांपूर्वी मनात आलेली भीती खरी ठरली. त्या काळी जपानमध्ये सायकल हेच गरिबांचे वाहन होते. सायकलीला बसविता येईल असे छोटे इंजिन करावे, ही कल्पना त्यांचे जावई शुन्झो यांनी पुढे आणली. जून १९५२ मध्ये 'पॉवर फ्री' या नावाने अवघ्या ३६ सीसीचे इंजिन लावलेली सायकल बाजारात आली. चढ लागला की इंजिन आणि पाय दोन्ही चालवा, सपाटीवर नुसते इंजिन चालवा, इंजिन बंद पडले तर साध्या सायकलीप्रमाणे पायडल मारीत घरी जा, अशी तिची सोय होती. ती पाहता पाहता खपली. दोन वर्षांत कारखान्यातून दरमहा हजारो मोटारसायकली बाहेर पडू लागल्या आणि जून १९५४ मध्ये कंपनीच्या नावातील 'माग' हा शब्द जाऊन तेथे 'मोटार' हा शब्द आला.

ऑक्टोबर १९५५ मध्ये 'सुझुलाइट' ही ३६० सीसीची चिमुकली मोटार तयार झाली. तिच्या पुढच्या चाकांना इंजिनाची ओढ दिलेली होती. त्या काळात जपानमध्ये ही रचना नवीनच होती. पहिल्या प्रयत्नानंतर अठरा वर्षांनी मिचिओंचा मनोरथ पूर्ण झाला. १९५७ साली, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्यांनी कारभार जावयाच्या हाती सोपविला.

आणि आता आपल्या देशाशी असलेला धागा पाहा. २ ऑक्टोबर १९८२ रोजी, गांधी जयंतीच्या दिवशी, भारत सरकारची मारुती उद्योग आणि जपानची सुझुकी कंपनी यांच्यात करार झाला. त्यानंतर पंचवीस दिवसांनी, २७ ऑक्टोबर रोजी, मिचिओ सुझुकी पंचाण्णवाव्या वर्षी निवर्तले. हा करार घडवून आणणारे ओसामु सुझुकी हे त्यांच्या नातीचे पती होते. ओसामु २०२४ च्या डिसेंबरात वारले आणि पुढील वर्षी भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले.

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते देण्यात आली. त्यापूर्वीच लाखाहून अधिक लोकांनी दहा-दहा हजार रुपये भरून नंबर लावले होते! खानदेशात त्या वेळी मोटार म्हणजे अँबेसेडर किंवा फियाट. मे महिन्यात चाळीसगावहून कन्नडचा घाट चढायचा तर पाण्याचा डबा बरोबर घ्यायचा आणि वाटेत बॉनेट उघडून उभे राहायचे, हा मोटारवाल्यांचा रिवाजच होता. मारुती आली तेव्हा जुन्या ड्रायव्हरांनी तिची चेष्टा केली. हा पत्र्याचा डबा आपल्या रस्त्यावर किती टिकणार, असे ते म्हणत. पण सकाळी किल्ली फिरविताच ती चालू होई, पेट्रोल थोडे पिई आणि घाटात तापून थांबत नसे. डॉक्टर, वकील, सरकीचे व्यापारी, रावेर-यावलचे केळी-बागायतदार यांच्या दारी ती दिसू लागली. स्टिअरिंग हलके असल्याने भगिनीही मोटार शिकू लागल्या. पुढे जुनी मारुती स्वस्तात मिळू लागली, तेव्हा शिक्षक आणि लहान दुकानदारही मोटारवाले झाले. हे मॉडेल २०१४ साली बंद झाले. तोवर २७ लाखांहून अधिक गाड्या निघाल्या होत्या.

१९८४ साली आलेल्या मारुती व्हॅनने तर गरिबांचीही सेवा केली. शाळेची मुले, दवाखान्याचा पेशंट, लग्नाचे वऱ्हाड, भाजीच्या पाट्या, सगळे तिच्यात मावले. तिच्यावर कित्येक कुटुंबांची चूल पेटली. मात्र तिला पुढे नाक नव्हते, त्यामुळे टक्कर झाली तर बसणाऱ्यांना आडोसा थोडाच होता. सुरक्षिततेचे नवे नियम आले आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. ज्या पालकांची मुले आजही अशा व्हॅनमधून शाळेत येतात, त्यांनी आत किती मुले कोंबली आहेत ते एकदा स्वतः पाहावे, एवढीच विनंती.

आता कोणी पालक म्हणतील, गुरुजी, सुझुकीसाहेब चौदाव्या वर्षी कामाला लागले आणि एवढे मोठे झाले. मग आमच्या मुलाला आठवीतून काढून गॅरेजात घातले तर काय बिघडले? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर दिलेच पाहिजे.

एक तर मिचिओंची उमेदवारी ठरलेल्या मुदतीची होती आणि तिच्या अखेरीस त्यांच्या हाती पुरते हुनर आले होते. आपल्याकडे कित्येक मुले चार-चार वर्षे नुसती पाने उचलून देतात, चहा आणतात आणि हेल्परचे हेल्परच राहतात. दुसरे असे की, हात कितीही तयार असला तरी मोटार बनविताना आराखडे, गणित, धातूंचे ज्ञान आणि शिकलेले इंजिनिअर लागलेच. टोयोटाची हकिकत पाहा. तिचे मूळपुरुष साकिची टोयोडा हेही त्याच मुलखातील सुताराचे पुत्र आणि मागांचेच शोधक. त्यांनी आपला मुलगा किइचिरो याला टोकियोच्या विद्यापीठात यंत्रशास्त्र शिकविले आणि त्या मुलाने मोटारीचा कारखाना उभारला. बापाचा हात आणि मुलाची विद्या एकत्र आली तेव्हा ते घर पुढे गेले.

तिसरी गोष्ट आपल्या डोळ्यांसमोरची आहे. पूर्वी आपले मिस्त्री कान लावून इंजिनाचा दोष सांगत आणि कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून तो दुरुस्त करीत. २००० च्या सुमारास कार्बोरेटर गेला आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. आता दोष संगणकाच्या पडद्यावर वाचावा लागतो. ज्यांना वाचता आले ते टिकले, आणि ज्यांना आले नाही त्या उत्तम कारागिरांनाही टायर-पंक्चरवर दिवस काढावे लागले. विजेवर चालणाऱ्या मोटारी आता रस्त्यावर येत आहेत. तेव्हा पुढचे वळण जवळच आहे.

म्हणून माझे सांगणे एवढेच की हुनराची लाज धरू नका आणि शाळाही सोडवू नका. मुलाला यंत्राची आवड असेल तर दहावी होऊ द्या, मग आयटीआयमध्ये फिटर, इलेक्ट्रिशियन, मोटार मेकॅनिक यांपैकी जे झेपेल ते शिकवा आणि जमल्यास पॉलिटेक्निकला पाठवा. जळगाव आणि धुळे, दोन्ही ठिकाणी या सोयी आहेत. सुटीत त्याने अब्बांच्या मागावर किंवा मामूंच्या गॅरेजात जरूर बसावे. मुलींनाही हे दार मोकळे ठेवा.

विद्यार्थी मित्रांनो, मिचिओ सुझुकी यांना पहिली मोटार विकण्यासाठी अडुसष्ट वर्षांचे व्हावे लागले. तुमच्या हाती अजून पुष्कळ वेळ आहे. तो वाया घालवू नका. अल्लाह तुमच्या इल्मात आणि हुनरात बरकत देवो, हीच दुआ.