सभापतिपदाची कसोटी

ज्या पक्षाने आपणास आसनावर बसविले, त्याच पक्षाच्या सरकारला कर्तव्याची जाणीव करून देण्याचा प्रसंग आला म्हणजे सभापतीची खरी कसोटी लागते. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळंकर यांच्या चरित्राचे महत्त्व आम्हांस याच दृष्टीने वाटते.

घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील. जन्म १८८८ साली बडोद्यास झाला आणि कर्मभूमी ठरली अहमदाबाद. तेथे त्यांनी वकिली केली, खेडा सत्याग्रहात भाग घेतला, नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविले आणि कारावासही सोसला. १९३७ साली ते मुंबई विधानसभेचे सभापती झाले. जानेवारी १९४६ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळाच्या अध्यक्षपदासाठी सर कावसजी जहांगीर यांच्याशी त्यांची लढत झाली आणि ६६ विरुद्ध ६३ मतांनी ते विजयी झाले. पुढे स्वतंत्र भारताच्या कायदेमंडळाचे सभापतिपद त्यांच्याकडेच आले व मे १९५२ मध्ये पहिल्या लोकसभेनेही त्यांचीच निवड केली.

परकीय सत्तेशी झुंजणाऱ्या सभागृहाची रीत स्वकीय सरकारपुढे जशीच्या तशी चालणार नाही, हे त्यांनी ओळखले. सरकारचे वाभाडे काढण्याचे पूर्वीचे हत्यार म्हणजे तहकुबीची सूचना. तिचे क्षेत्र त्यांनी मर्यादित केले. विरोधकांस हे रुचले नाही आणि डिसेंबर १९५४ मध्ये त्यांच्यावरच अविश्वासाचा ठराव आला. तो फेटाळला गेला, तरी विरोधकांची तक्रार अगदीच निराधार होती असे म्हणवत नाही. अल्पमताच्या हातातील साधने मोजकीच असतात.

परंतु चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ऊठसूट वटहुकूम काढून कायदे करण्याच्या प्रवृत्तीविरुद्ध त्यांनी सरकारला लेखी इशारा दिला, १९५४ साली तर प्रत्यक्ष पंतप्रधान नेहरूंना. मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासने पाळली जातात की नाही, हे पाहण्यासाठी १९५३ साली समिती नेमली गेली, तीही त्यांच्याच कारकीर्दीत. सभापतीने पक्षसदस्यत्व सोडावे असे त्यांचे मत नव्हते. मात्र पक्षीय झगड्यापासून त्याने अलिप्त राहावे, असा त्यांचा आग्रह होता.

२७ फेब्रुवारी १९५६ रोजी, पदावर असतानाच, अहमदाबादेत त्यांचे निधन झाले. त्यांनी घालून दिलेले नियम ग्रंथात सुरक्षित आहेत. परंतु सरकारला खडे बोल सुनावण्याचे धैर्य कोणत्याही नियमाने येत नाही. ते आसनावर बसणाऱ्याने स्वतःच आणावे लागते.