विल्यम कॅरे

विल्यम कॅरे (१७ ऑगस्ट १७६१ – ९ जून १८३४) हे इंग्लंडमधील बॅप्टिस्ट मिशनरी, भाषांतरकार व कोशकार होते. व्यवसायाने मोची असलेल्या कॅरे यांनी आयुष्याची शेवटची चाळीस वर्षे बंगालमध्ये काढली. मराठी व्याकरण (१८०५) आणि मराठी-इंग्रजी कोश (१८१०) यांमुळे मराठी भाषेच्या इतिहासातही त्यांचे स्थान आहे.

पूर्वायुष्य

कॅरे यांचा जन्म नॉर्थम्पटनशायर परगण्यातील पॉलर्सपरी या खेड्यात झाला. वडील विणकर होते, पुढे ते गावच्या शाळेत शिक्षक झाले. उन्हात त्वचेला त्रास होत असल्याने विल्यम यांना शेतीकाम झेपेना, म्हणून त्यांना जोडे शिवण्याच्या कामावर उमेदवार ठेवण्यात आले. हे काम करीत असतानाच ते लॅटिन, ग्रीक व हिब्रू या भाषा बव्हंशी स्वतःच शिकले. दुकानाच्या भिंतीवर त्यांनी हाताने काढलेला जगाचा मोठा नकाशा लावला होता आणि त्यावर देशोदेशींची लोकसंख्या व धर्म यांची टिपणे केली होती.

धर्मोपदेशक होण्याची त्यांची वाट सरळ नव्हती. १७८५ मध्ये ओल्नी येथील मंडळीपुढे त्यांनी प्रवचन दिले. मंडळीचे समाधान न झाल्याने निर्णय पुढे ढकलण्यात आला व १७८६ मध्ये परवानगी मिळाली. मोल्टन येथे ते शाळाही चालवीत, परंतु वर्गात शिस्त राखणे त्यांना साधले नाही. घर चालविण्यासाठी जोडे शिवणे सुरूच होते.

पाचारण

ख्रिस्ताने शिष्यांना दिलेली सर्व राष्ट्रांत जाण्याची आज्ञा केवळ प्रेषितांपुरतीच होती, असे त्या काळच्या अनेक बॅप्टिस्टांचे मत होते. ती आज्ञा आपल्यालाही लागू आहे, असे कॅरे यांना वाटे. मात्र त्यासाठी आपण पात्र आहोत असे त्यांना वाटत नव्हते. या विषयावर अधिक विद्वान माणसाने लिहावे म्हणून त्यांनी आपल्या ज्येष्ठ स्नेह्यांना गळ घातली. त्यांनी ते काम उलट कॅरे यांच्यावरच सोपविले. १७९२ मध्ये त्यांची पुस्तिका प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला केटरिंग येथील एका घरात मिशनरी संस्था स्थापन झाली. तिची पहिली वर्गणी १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स इतकीच होती. बंगालमध्ये राहून आलेले डॉक्टर जॉन थॉमस यांच्यासोबत जाण्यास कॅरे स्वतःच पुढे झाले.

पत्नी डॉरोथी यांना मात्र असे कोणतेही पाचारण झाले नव्हते. विवाहनोंदीत सहीऐवजी फुली काढणारी ही खेड्यातील स्त्री गरोदर होती आणि तिने प्रथम जाण्यास नकार दिला. कॅरे थोरल्या मुलाला घेऊन निघाले. पण जहाज मिळण्यास विलंब झाला. तेवढ्या काळात त्या बाळंत झाल्या आणि बहीण सोबत येणार असेल तर येते, या अटीवर निघाल्या. नोव्हेंबर १७९३ मध्ये हे कुटुंब कलकत्त्यास पोहोचले. पैसा लवकरच संपला. कॅरे यांनी मुदनाबाटी येथे निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापकाची नोकरी धरली. १७९४ मध्ये पाच वर्षांचा मुलगा पीटर आमांशाने दगावला. त्यानंतर डॉरोथी यांचे मानसिक संतुलन ढळले व १८०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या सावरल्या नाहीत. चरित्रकारांनी हा भाग पुष्कळदा घाईने उरकला आहे. परंतु कॅरे यांच्या आज्ञापालनाची सर्वांत मोठी किंमत त्यांनी नव्हे, डॉरोथी यांनी मोजली.

श्रीरामपूर व मराठी

कंपनी सरकारचा मिशनऱ्यांना विरोध असल्याने १८०० मध्ये कॅरे हुगळीकाठच्या श्रीरामपूर या डेन्मार्कच्या वसाहतीत आले (नगर जिल्ह्यातील श्रीरामपूर वेगळे). तेथे जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड हे सहकारी आणि छापखाना मिळाला. सात वर्षांनंतर, २८ डिसेंबर १८०० रोजी, कृष्ण पाल या सुताराचा बाप्तिस्मा झाला.

१८०१ मध्ये फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली शिकविण्यासाठी बोलावणे आले, तेव्हा विद्यापीठाचे तोंडही न पाहिलेले कॅरे बिचकले. सहकाऱ्यांशी विचारविनिमय करून त्यांनी ते काम स्वीकारले. पुढे ते संस्कृत व मराठीही शिकवू लागले. पगाराचा फार मोठा भाग ते मिशनला देत. मराठीच्या कामात त्यांना वैजनाथ पंडितांचे साहाय्य होते. मराठी मुलखात कधीही न राहिलेल्या माणसाने हे काम केले, हे लक्षात घेतल्यास पंडितांचा वाटा किती मोठा असेल याची कल्पना येते. कोशातील मराठी शब्द मोडी लिपीत छापलेले आहेत. श्रीरामपूरच्या छापखान्यातून ‘सिंहासन बत्तिशी’, ‘हितोपदेश’ अशी मराठी पुस्तकेही निघाली. कॅरे यांचे मराठी बायबल मात्र बोजड ठरले आणि मुंबईच्या अमेरिकन मिशनला नवे भाषांतर करावे लागले.

११ मार्च १८१२ रोजी छापखान्याला आग लागून अनेक हस्तलिखिते जळाली, त्यांत बहुभाषिक कोशाचेही काम होते. कॅरे यांनी पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. १८१८ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह श्रीरामपूर महाविद्यालय स्थापन केले. १८२९ च्या सतीबंदी कायद्याचे बंगाली भाषांतर त्यांचेच आहे.

मृत्यू

कॅरे श्रीरामपूर येथेच वारले. इंग्लंडला ते एकदाही परतले नाहीत. मृत्युपत्रातील इच्छेनुसार त्यांना द्वितीय पत्नी शार्लट यांच्या शेजारी पुरण्यात आले. दगडावर नाव, जन्म-मृत्यूच्या तारखा आणि आयझॅक वॉट्स यांच्या स्तोत्रातील स्वतःचे दीनपण सांगणाऱ्या दोन ओळी एवढेच कोरावे, असेही त्यांनी लिहून ठेवले होते.