रेडिएटरची जाळी घडवणारे विल्हेल्म मायबाख

उजनी धरणाच्या पाणलोटाकाठी गाळप हंगाम सुरू झाला की कंदर, वांगी, केत्तूर, जिंती, पळसदेव, भिगवण या पट्ट्यातील रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग दिसते. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर चढाला लागतो, तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकतो आणि चालक गाडी बाजूला घेतो. मग जवळच्या बोअरचे किंवा धरणाचे पाणी कळशीने रेडिएटरमध्ये ओतले जाते. गाडी पुढे निघते आणि काम भागल्यासारखे वाटते. मात्र हीच सवय दोन-तीन हंगामांत इंजिनाचे मोठे काम काढते.

रेडिएटरचे काम नेमके कसे चालते, हे समजून घ्यायचे तर ती जाळी ज्यांनी पहिल्यांदा घडवली, त्या विल्हेल्म मायबाख यांचे आयुष्य पाहणे उपयोगाचे ठरते.

अनाथाश्रमातील ड्रॉइंगचा फळा

विल्हेल्म मायबाख यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८४६ रोजी जर्मनीतील हाइलब्रॉन येथे झाला. वडील सुतार होते. विल्हेल्म दहा वर्षांचे होईपर्यंत आई आणि वडील दोघेही गेले. रॉयटलिंगेन गावात गुस्ताव वेर्नर या धर्मोपदेशकांनी अनाथ मुलांसाठी संस्था चालवली होती. तिथे या मुलाला आसरा मिळाला. संस्थेचा स्वतःचा यंत्र कारखाना होता. मुलाचा हात चित्रकलेत आणि डोके यंत्रात चालते, हे वेर्नर यांच्या लक्षात आले आणि त्यांनी त्याला कारखान्याच्या आरेखन विभागात बसवले.

याच कारखान्यात गॉटलिब डाइमलर हे अभियंते व्यवस्थापक म्हणून आले. मायबाख तेव्हा १९ वर्षांचे होते. डाइमलर यांच्याकडे कल्पना आणि धडाडी होती, तर मायबाख यांच्याकडे कल्पना कागदावर उतरवून लोखंडात आणण्याचे कसब होते. ही जोडी पुढे ३५ वर्षे टिकली. डाइमलर कार्ल्सरूहला गेले, मायबाख त्यांच्या मागे गेले. १८७२ मध्ये डाइमलर कोलोनजवळच्या डॉइट्झ येथील गॅस इंजिन कारखान्यात दाखल झाले. तिथेही मायबाख सोबत होते आणि लवकरच मुख्य रचनाकार झाले. आज डिझेल पंपापासून ट्रॅक्टरपर्यंत सर्वत्र दिसणारे चार स्ट्रोकचे इंजिन निकोलाउस ऑटो यांनी १८७६ मध्ये याच कारखान्यात यशस्वी केले.

काचघरातील कारखाना

ऑटो यांचे इंजिन वजनाने जड आणि गतीने संथ होते. ते जागेवर चालायचे, गाडीवर बसवण्याजोगे नव्हते. हलके आणि वेगाने फिरणारे इंजिन करायचे, या ध्येयाने डाइमलर व मायबाख १८८२ मध्ये नोकरी सोडून स्टुटगार्टजवळच्या कानस्टाट येथे आले. डाइमलर यांच्या बागेतील काचघरात त्यांनी कार्यशाळा थाटली. दार बंद करून रात्रंदिवस चालणारी ठोकाठोक ऐकून माळ्याला खोटी नाणी पाडली जात असल्याचा संशय आला. पोलिसांनी मालक नसताना झडती घेतली, पण आत इंजिनाच्या भागांशिवाय काही सापडले नाही.

१८८५ मध्ये त्यांचे छोटे उभे इंजिन तयार झाले. ते लाकडी दुचाकीवर बसवले गेले. त्याची ताकद जेमतेम अर्धा अश्वशक्ती होती, त्यामुळे ते हवेवर थंड होत असे. अडचण पुढे आली. ताकद वाढली तशी उष्णताही वाढली.

उष्णता जाते कुठे?

इंजिनात जाळलेल्या इंधनाची सगळी ताकद चाकाला मिळत नाही. ढोबळमानाने एक तृतीयांश ताकद कामाला येते, एक तृतीयांश धुराबरोबर बाहेर जाते आणि उरलेली उष्णता सिलिंडरच्या भिंतींत मुरते. ती वेळेत काढली नाही, तर ऑइल पातळ होते, पिस्टन फुगतो आणि इंजिन जाम होते.

त्या काळी पाण्याची टाकी ठेवून पाणी उकळू देणे हाच सोपा उपाय होता. कार्ल बेन्झ यांच्या पहिल्या मोटारगाडीत हीच पद्धत होती. त्यांच्या पत्नी बेर्था बेन्झ १८८८ मध्ये मुलांना घेऊन त्या गाडीने मानहाइमहून फॉर्झहाइमला गेल्या. सुमारे १०० किलोमीटरच्या त्या वाटेत त्यांना जागोजागी थांबून पाणी भरावे लागले. आपल्याकडे जुन्या डिझेल इंजिनाशेजारी पाण्याचे पिंप ठेवले जाई, त्यामागचा विचार असाच होता. नदीकाठच्या पंपाला तर आणखी सोय असते. पंपाने उचललेल्या पाण्यातील एक बारीक धार नळीने इंजिनाच्या जॅकेटमधून फिरवून पाटात सोडता येते. धावत्या गाडीला मात्र नदी सोबत नेता येत नाही. आहे तेवढेच पाणी पुन्हा पुन्हा थंड करून वापरावे लागते.

मायबाख यांनी यावर पायरीपायरीने काम केले. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडलेल्या गाडीची चौकट त्यांनी पोलादी नळ्यांची केली आणि इंजिनाचे गरम पाणी त्याच नळ्यांतून फिरवले. चौकट गाडीचा भारही उचलत होती आणि पाणीही थंड करत होती. लहान इंजिनाला एवढे पुरले, मोठ्याला पुरेना.

हॉटेलच्या दालनातील वर्षे

१८९० मध्ये डाइमलर यांच्या नावाने कंपनी उभी राहिली, पण सूत्रे भांडवलदारांच्या हाती गेली. मायबाख यांना मनासारख्या अटी मिळाल्या नाहीत. १८९१ मध्ये ते बाहेर पडले आणि आधी स्वतःच्या घरात, नंतर कानस्टाटमधील बंद पडलेल्या हॉटेल हेरमानच्या दालनात काम करू लागले. डाइमलर यांचा त्यांना पाठिंबा होता. पेट्रोल बारीक फवाऱ्याने हवेत मिसळणारा कार्ब्युरेटर त्यांनी १८९३ मध्ये तयार केला. मोटारसायकलला कार्ब्युरेटर असे, तोवर तो याच तत्त्वावर चालत आला. १८९५ मध्ये दोघेही सन्मानाने कंपनीत परतले.

१८९७ मध्ये मायबाख यांनी नळ्यांचा रेडिएटर केला. पाण्याच्या चपट्या टाकीतून अनेक बारीक नळ्या आरपार काढल्या आणि त्यांतून वारा खेळू दिला. दिशा योग्य होती, पण मोठ्या इंजिनासाठी अजून पाणी आणि वजन जास्त लागत होते.

८,०७० नळ्यांची जाळी

६ मार्च १९०० रोजी डाइमलर यांचे निधन झाले. त्याच महिन्यात फ्रान्समधील नीसजवळच्या चढाच्या शर्यतीत कंपनीच्या उंच आणि जड गाडीला अपघात होऊन चालक दगावला. कंपनीचे मोठे ग्राहक एमिल येलिनेक यांनी ठेंगणी, लांब, हलकी आणि जास्त ताकदीची गाडी मागितली. गाडीला त्यांच्या मुलीचे नाव द्यायचे ठरले, ते म्हणजे मर्सिडीझ. ३५ अश्वशक्तीच्या इंजिनाची ही गाडी मायबाख यांनी काही महिन्यांत उभी केली. पहिली गाडी २२ डिसेंबर १९०० रोजी येलिनेक यांच्याकडे रवाना झाली. मार्च १९०१ मध्ये नीसच्या शर्यतींत तिने इतर गाड्यांना मागे टाकले.

या यशातील मोठा वाटा गाडीच्या तोंडाशी बसवलेल्या नव्या रेडिएटरचा होता. सहा मिलिमीटर रुंद आणि सहा मिलिमीटर उंच अशा चौकोनी छेदाच्या ८,०७० आखूड नळ्या एकमेकींशेजारी रचून डाग देऊन जोडल्या होत्या. नळ्यांच्या आतून वारा जाई आणि त्यांच्यामधल्या अरुंद फटींतून पाणी वाहे. समोरून ही रचना मधमाशांच्या पोळ्यासारखी दिसे, म्हणून तिला तेच नाव पडले. गाडी सावकाश चालली तरी वारा खेचला जावा म्हणून मागे पंखा होता. आधीच्या गाडीला सुमारे १८ लिटर पाणी लागायचे, ते निम्म्यावर म्हणजे ९ लिटरवर आले. ताकद वाढली आणि पाणी घटले.

यातील मर्म घरातल्या बशीत सापडते. कपातला चहा बराच वेळ गरम राहतो, बशीत ओतला की लगेच निवतो. चहा तेवढाच असतो, हवेला लागणारा पृष्ठभाग मात्र वाढतो. मायबाख यांनी पाणी वाढवण्याऐवजी पाणी आणि हवा यांच्यामधला पत्रा वाढवला, पातळ केला आणि दोन्ही बाजू मोकळ्या ठेवल्या. आजच्या ट्रॅक्टरमध्ये पाणी चपट्या नळ्यांतून आणि हवा बाहेरच्या पात्यांतून जाते, म्हणजे रचना उलटी आहे. तत्त्व तेच आहे.

शेवटची वर्षे

डाइमलर गेल्यानंतर कंपनीत मायबाख यांचे महत्त्व कमी केले गेले. १९०७ मध्ये, वयाच्या ६१ व्या वर्षी, ते कायमचे बाहेर पडले. पुढच्याच वर्षी काउंट झेपेलिन यांचे हवाई जहाज एश्टरडिंगेन येथे जळून नष्ट झाले. त्यानंतर हवाई जहाजांसाठी भरवशाची इंजिने करण्याचा कारखाना १९०९ मध्ये उभा राहिला आणि मुलगा कार्ल याने तो सांभाळला. १९२१ पासून त्याच कारखान्याने मायबाख नावाच्या गाड्याही काढल्या. शाळेनंतर महाविद्यालयाची पायरी न चढलेल्या विल्हेल्म यांना स्टुटगार्टच्या तंत्र विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. २९ डिसेंबर १९२९ रोजी त्यांचे निधन झाले. कानस्टाटच्या ज्या स्मशानभूमीत डाइमलर विसावले आहेत, तिथेच त्यांनाही पुरण्यात आले.

जाळीचे दोन शत्रू

मायबाख यांनी मोकळ्या ठेवलेल्या दोन्ही बाजू आपल्याकडे बंद पडतात. बाहेरच्या बाजूला पाचटाचे तुकडे, धूळ आणि मळणीचा भुसा अडकतो. आतल्या बाजूला क्षार आणि गंज साचतो.

बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि ज्याने हंड्याच्या तळाला पांढरा थर धरतो, तेच पाणी जॅकेटमध्ये आणि जाळीत तसाच थर धरते. हा थर उष्णता अडवतो. काचेतून पाण्याची पातळी पूर्ण दिसते, तरी इंजिन तापते. उन्हाळ्यात धरणाचे पाणी मागे सरते आणि काठावर गाळ उरतो, तेव्हा उचललेल्या पाण्याबरोबर गाळही आत जातो.

गंजाचे कारण वेगळे आहे. इंजिनाचा ब्लॉक बिडाचा असतो, तर रेडिएटर तांब्या-पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा. दोन वेगळे धातू क्षारयुक्त पाण्यात एकमेकांशी जोडले गेले की त्यांतला एक झिजू लागतो. हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने १८२४ मध्ये याच गुणाचा उपयोग उलट्या बाजूने करून दाखवला. जहाजाच्या तळाच्या तांब्याच्या पत्र्याला त्यांनी लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे जोडले. तुकडे झिजले, तांबे वाचले. आपल्या जीआय पाइपवरचा जस्ताचा थर याच रीतीने स्वतः झिजून आतले लोखंड राखतो. इंजिनाच्या आत असा थर देता येत नाही, म्हणून गंजरोधक द्रव्ये कूलंटमध्ये मिसळलेली असतात.

सोलापूरच्या भागात पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. गोठणे टाळणे हा त्याचा एक उपयोग आहे. आपल्यासाठी दुसरे दोन अधिक महत्त्वाचे आहेत. ग्लायकॉल आणि पाणी समप्रमाणात असले की मिश्रण साधारण १०७ अंश सेल्सिअसला उकळते, त्यामुळे कडक उन्हात थोडी सवड मिळते. त्यातील गंजरोधक द्रव्ये बीड, पितळ आणि ॲल्युमिनियम या तिन्ही धातूंना जपतात. ही द्रव्ये वापराने संपतात आणि जुने कूलंट आम्लधर्मी होते. म्हणून रंग चांगला दिसला तरी मुदत संपल्यावर ते बदलावे लागते.

हंगामापूर्वी आणि हंगामात काय करावे?

- रेडिएटरची बाहेरची जाळी रोज संध्याकाळी इंजिन थंड झाल्यावर साफ करावी. हवा किंवा हलके पाणी पंख्याच्या बाजूने बाहेर मारावे. जोराच्या फवाऱ्याने पाती वाकतात.
- ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेत सांगितलेलेच कूलंट त्याच प्रमाणात आणि शुद्ध पाण्यात मिसळून भरावे. तयार मिश्रण असेल तर त्यात पाणी घालू नये. दोन प्रकारची कूलंट एकत्र करू नयेत.
- वाटेत नाइलाजाने बोअरचे किंवा धरणाचे पाणी भरावे लागले, तर घरी आल्यावर ते काढून टाकावे, आतून स्वच्छ पाण्याने धुवावे आणि पुन्हा कूलंट भरावे.
- इंजिन तापल्यावर लगेच झाकण उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते आणि उसळून भाजते. भार काढून इंजिन थोडा वेळ संथ चालू द्यावे, मग बंद करावे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास बिडाला तडा जाऊ शकतो.
- झाकणाचे रबर आणि स्प्रिंग तपासावी. झाकण दाब धरत नसेल तर पाणी लवकर उकळते. पंख्याचा पट्टा आणि रबरी नळ्याही पाहाव्यात.
- कूलंट वारंवार कमी होत असेल, पाण्याला तांबूस रंग येत असेल किंवा इंजिन ऑइल दुधाळ दिसत असेल, तर ट्रॅक्टर ऊस वाहतुकीला न लावता आधी मिस्त्रीला दाखवावा.