माहीमचे काझी आणि रहमतचा अर्थ

कुरआनमध्ये 114 सूरा आहेत. त्यातली एक सोडली तर प्रत्येक सूरेची सुरुवात बिस्मिल्लाहने होते. या छोट्या वाक्यात अल्लाहची दोन नावे येतात, रहमान आणि रहीम. दोन्ही नावे दयेची, करुणेची आहेत. रमजानमध्ये कुरआनचे पठण ऐकताना हेच शब्द पुन्हा पुन्हा कानावर पडतात आणि सवयीने आपण पुढे सरकतो. सहाशे वर्षांपूर्वी आपल्याच किनाऱ्यावरच्या एका विद्वानाला मात्र या शब्दांपाशी दर वेळी थांबावेसे वाटले. हजरत मखदूम अली माहिमी हे त्यांचे नाव.

माहीम म्हटले की पालघरच्या वाचकाला आधी केळवे-माहीम आठवेल. हे माहीम वांद्र्यानंतरचे. विरार फास्ट तिथे थांबत नाही. मधे उतरून स्लो लोकल धरावी लागते. तिथल्या मखदूमबाबांच्या दर्ग्यावर वसईतूनही सर्व धर्मांचे लोक जातात. नवस बोलतात, फुलांची चादर चढवतात. पण हे बाबा मोठे ग्रंथकार होते आणि काझी होते, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

त्यांचा जन्म चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, घराणे नवायत. या घराण्याचे पूर्वज अरबस्तानातून जुलमी सत्तेला कंटाळून समुद्रमार्गे कोकणात आले, असे परंपरा सांगते. वडील लवकर गेले आणि आईने त्यांना वाढवले. आईची एक आख्यायिका किनाऱ्यावर सगळीकडे सांगतात. एका रात्री आईने पाणी मागितले. मुलगा पाणी घेऊन आला, तोवर तिचा डोळा लागला होता. तिची झोप मोडू नये म्हणून तो पहाटेपर्यंत भांडे हातात धरून उभा राहिला. मराठी वाचकाला इथे पुंडलिक आठवल्याशिवाय राहणार नाही.

त्या काळी माहीम गुजरातच्या सुलतानांच्या अमलाखालचे गजबजलेले बंदर होते. मखदूम अली तिथले काझी झाले. ज्ञानी माणसाला प्रपंचापासून दूर, जप आणि चिंतनात राहता आले असते. त्यांचा ओढा सूफी विचाराकडेच होता. इब्ने अरबी या थोर सूफी तत्त्वज्ञाच्या ग्रंथावर त्यांनी भाष्य लिहिले. इब्ने अरबींच्या विचारांना अनेक विद्वानांचा विरोध असतानाही त्यांनी ते मांडले. पण काझीचे काम माणसांच्या भांडणांत बसायचे असते. वारशाचा वाटा, थकलेले देणे, बायकोचा मेहर, अनाथाची मालमत्ता हे सारे त्याच्यापुढे येते. तिथे नुसती दया चालत नाही. देणेकऱ्याची दया येऊन सावकाराचा हक्क बुडवला तर तो अन्याय होतो. कायद्याच्या अक्षरावर बोट ठेवून गरिबाला चिरडले तर तोही अन्यायच.

हा तोल सांभाळणाऱ्या माणसाने कुरआनवर अरबीत जे भाष्य लिहिले, ते म्हणूनच लक्ष देऊन वाचावेसे वाटते. त्याच्या नावातच रहमान हा शब्द आहे: तब्सीरुर्रहमान. आयतींमधला परस्परसंबंध उलगडून दाखवणे हे या भाष्याचे एक वैशिष्ट्य. दुसरे वैशिष्ट्य असे की प्रत्येक सूरेच्या आरंभीच्या बिस्मिल्लाहचा अर्थ त्यांनी त्या सूरेच्या विषयाला धरून वेगळा लावला. विषय बदलला की रहमतचा अर्थही नव्याने शोधायचा. मला यात काझीची नजर दिसते. पुढे आलेला प्रत्येक तंटा वेगळा असतो आणि करुणा कोणत्या रूपात न्याय ठरेल, हे त्या त्या वेळी ठरवावे लागते. माहीमला लिहिलेले हे भाष्य एकोणिसाव्या शतकात कैरोला छापले गेले.

त्यांच्या अखेरच्या वर्षांत, 1430 च्या सुमारास, गुजरात आणि बहामनी या दोन सुलतानांच्या फौजा माहीमसाठी लढल्या. दोन्हीकडचे राजे मुसलमान होते आणि होरपळले ते बंदरातले लोक. हिजरी 835 मध्ये मखदूम अलींचे निधन झाले. जेमतेम शंभर वर्षांनी, 1534 च्या तहाने, वसई आणि मुंबईची बेटे पोर्तुगीजांकडे गेली. सुलतान गेले, पोर्तुगीज गेले, इंग्रजही गेले. दर्गा मात्र राहिला. डिसेंबरातल्या माहीमच्या जत्रेत पहिला संदल मुंबई पोलिसांचा असतो. कायदा राखणाऱ्यांनी एका काझीच्या दारी मान वाकवण्याची ही रीत मला फार अर्थपूर्ण वाटते.

रमजानचे रोजे माणसाला भूक काय असते ते शिकवतात. त्या भुकेतून दया उपजते आणि आपण दान करतो. पण जकात ही गरिबावर केलेली मेहेरबानी नव्हे, तो त्याचा हक्क आहे. म्हणून ईदच्या खरेदीआधी एक हिशेब करून पाहावा. घरकाम करणाऱ्या बाईचा पगार थकला आहे का? बहिणीचा वाटा अडवून ठेवला आहे का? शेजाऱ्याचे उसने परत करायचे राहिले आहे का? माहीमच्या काझींपुढे हे तंटे आले असते, तर त्यांनी आपल्या रोज्यांची संख्या विचारण्याआधी हेच विचारले असते, असे मला वाटते.